केन्शिनची उलट्या धारेची तलवार आणि त्यामागचा इतिहास: दोन शंका

प्रश्न: रंगपटी, म्हार्दोळ

नमस्कार. आमच्या देवळाच्या उत्सवी नाटकांत तलवारबाजीचे प्रसंग बसवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. ते ठाऊक असल्यामुळेच अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने ‘रुरोनी केन्शिन’ ही जपानी चित्रकथामालिका माझ्या हाती दिली. १९९४ ते १९९९ या काळात ती जपानमध्ये साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे २८ खंडांत आली. कथेचा काळ १८७८ चा आहे. नायक हिमुरा केन्शिन हा शोगुनांची जुनी लष्करी राजवट उलथणाऱ्या राज्यक्रांतीच्या धामधुमीत क्योतो शहरात माणसे मारत असे. आता कोणाचाही जीव न घेण्याची शपथ वाहून तो दहा वर्षे गावोगाव भटकतो आहे. त्याच्या तलवारीला ‘साकाबातो’ म्हणतात. एरवी जपानी कतानाची धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला असते, हिची मात्र आतल्या अंगाला आहे, म्हणून वार केला की समोरच्याला पात्याची बोथट पाठ बसते.

माझी पहिली शंका अशी की, अशा तलवारीने माणूस खरोखर वाचेल का? गेल्या वर्षी तालमीत आमची लाकडी, रुपेरी कागद चिकटवलेली तलवार माझ्या मनगटावर बसली, तर आठ दिवस मला चहाचा कप उचलता आला नाही. मग पोलादाचे काय सांगावे! दुसरी शंका अशी की, केन्शिन नावाचा कोणी इतिहासात होता का? मुलगी ठामपणे ‘होता’ म्हणते.

उत्तर: सांखळीकर

मुलीचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. केन्शिन म्हणजे कावाकामी गेन्साई. हिगो प्रांतातला, म्हणजे आजच्या कुमामोतोचा, हा तलवारबाज त्या काळच्या चार कुप्रसिद्ध ‘हितोकिरीं’मध्ये, म्हणजे मारेकऱ्यांमध्ये, गणला जातो. पाश्चात्त्य विद्येचे पुरस्कर्ते साकुमा शोझान यांना त्याने १८६४ मध्ये क्योतोत भरदिवसा ठार केले. मालिकेत केवळ नाव बदलले आहे.

उत्तर: जुना वाचक, पर्वरी

सांखळीकरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. गेन्साईवरून कल्पना सुचली हे खरे असले, तरी दोघांची आयुष्ये एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. गेन्साईचा जन्म १८३४ चा, म्हणजे साकुमांना मारले तेव्हा तो तिशीला पोहोचला होता. केन्शिन त्या वेळी जेमतेम पंधरा वर्षांचा पोरगा आहे आणि तो हिगोच्या नव्हे, तर क्रांतीच्या बाजूच्या चोशू प्रांताकडून लढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नवे मेइजी सरकार आल्यावरही गेन्साईने परकीयांविरुद्धचा आपला हट्ट सोडला नाही आणि १८७२ मध्ये त्याच सरकारने त्याचा शिरच्छेद केला. केन्शिन मात्र १८६८ च्या तोबा-फुशिमीच्या लढाईनंतर, आपली बाजू जिंकत असताना, तलवार टाकून निघून जातो. जिंकलेल्या पक्षाचा मारेकरी बक्षीस न घेता निघून गेला तर पुढे त्याचे काय होईल, हा प्रश्न कथाकाराचा आहे. इतिहासात त्याला उत्तर नाही.

बाकी काळाचे तपशील मात्र पक्के आहेत. १८७६ च्या हुकुमाने सैनिक, पोलीस आदी सोडून इतरांना कमरेला तलवार लावून फिरण्यास बंदी झाली होती, म्हणून पहिल्याच प्रकरणात पोलीस केन्शिनला हटकतात. मंत्री ओकुबो तोशिमिची यांची १४ मे १८७८ रोजी तोक्योत हत्या झाली. मालिकेतही त्याच दिवशी ती होते, फक्त वार करणारा हात सेता सोजिरो या काल्पनिक, सदा हसतमुख मुलाचा दाखवला आहे. मला विचाराल तर संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत धीट प्रसंग आहे.

उत्तर: लोहारशाळा, वाळपई

रंगपटी, तुमच्या पहिल्या शंकेकडे कोणी वळलेच नाही, म्हणून लिहितो. कतानाचे वजन साधारण एक ते सव्वा किलो असते. एवढे पोलाद वेगाने डोक्यात बसले तर धार कोणत्या अंगाला आहे याने काही फरक पडत नाही, कवटी फुटणारच. हात किंवा खांदा मात्र मोडून निभावतो. तलवार उलटी धरून पाठीने मारण्याला जपानीत ‘मिने-उची’ असे स्वतंत्र नाव आहे आणि राज्यक्रांतीआधीच्या एदो काळातले शिपाई ‘जित्ते’ नावाच्या लोखंडी दांड्याने तलवारवाल्यांना पकडत, तेव्हा कल्पना हवेतली नाही.

खरी अडचण ती तलवार घडवण्यात आहे. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, आणि मग तापलेले पाते पाण्यात बुडवतो. धारेकडचा भाग झटकन थंड होऊन कडक होतो आणि किंचित फुगतो, त्यामुळे धार बाहेर राहील असाच बाक पात्याला येतो. धार आतल्या अंगाला ठेवायची म्हटली की पाण्यात पडताच पाते उलट दिशेला वळू पाहणार. लोहाराला आधीच जास्त बाक देऊन ठेवावा लागेल. शिवाय कताना कमरेला धार वर करून खोवतात आणि उपसताना तिची पाठ म्यानावरून सरकते. साकाबातो त्याच बाकाने खोवली तर तिची धारच म्यानाच्या लाकडावर घासणार. म्यानातून उपसताच वार करण्याची केन्शिनची जी ख्याती, तिच्याच आड त्याची तलवार येते!

आमच्या घोडेमोडणीत, म्हणजे गोव्याच्या त्या लोकनृत्यात, हाती नंगी तलवार असते आणि ती मनगटातून फिरवतात, हे तुम्ही पाहिले असेलच. त्यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. साध्या कतानाने न मारायचे तर दर वेळी मनगट वळवून पाठ पुढे आणावी लागते. साकाबातोने मारायचे तर मनगट वळवावे लागते. म्हणजे शपथ मोडायला केन्शिनला अर्ध्या वळणाइतकेच कष्ट आहेत आणि कथेतल्या बिकट प्रसंगी त्याचे मनगट तिथवर येते.

उत्तर: जुना वाचक, पर्वरी

मनगटाप्रमाणेच जिभेचेही आहे. मूळ जपानीत केन्शिन स्वतःला ‘सेश्शा’ म्हणतो. आपल्याकडे जुन्या पत्रांत ‘हा पामर’ लिहीत, तसला नम्र शब्द. जुना मारेकरी अंगात आला की तो ‘ओरे’ म्हणतो, म्हणजे रांगडा ‘मी’. त्या एका शब्दावरून वाचकाला कळते की आता तलवार फिरणार. मराठीत ‘मी’ एकच असल्यामुळे, कोणी कधी हे भाषांतर करायला घेतलेच तर सर्वांत आधी अडखळेल ते इथे.

रंगपटी, म्हार्दोळ

सर्वांचे आभार. सांखळीकर, मुलीला गेन्साईचा १८७२ चा शेवट वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, “म्हणजे तो केन्शिन नव्हताच.” लोहारशाळा, तुमचे वाचून काल तालमीत मी आमची लाकडी तलवार उलटी धरून दहा-बारा हात करून पाहिले. नवव्या हाताला मनगट आपोआप सरळ झाले.