त्या वर्षीची डायरी नणंदेला दाखवू की नको?

उंबरठा:

कपाट आवरताना २०२० ची डायरी सापडली. सासऱ्यांना दरवर्षी कुठून तरी एक मिळते आणि दरवर्षी ती कोरीच रद्दीत जाते. त्या वर्षीची मात्र भरलेली आहे, म्हणून हा धागा काढतेय.

मार्चमध्ये घरात कोंडलो तेव्हा आम्ही सहा जण होतो. सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दहा दिवसांतच एकमेकांची तोंडं बघवेनात. नवरा बेडरूममध्ये दार लावून मिटिंगा करणार, टेबलावर मुलांची शाळा, आणि आई (सासूबाई) टीव्हीवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवणार. एका संध्याकाळी मोठी लेक भडकली, "आजी, किती मेले याशिवाय दुसरं काही सांगताच येत नाही का तुला?" घरात शांतता. आईंनी टीव्ही बंद केला, ती डायरी काढली आणि फर्मान सोडलं. रोज झोपायच्या आधी प्रत्येकाने एक ओळ लिहायची, आज काय बरं झालं ते.

"आणि काहीच झालं नसेल तर?"

"तर 'काही नाही' असं लिही. पण पेन हातात धर."

कृतज्ञता वगैरे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. ओळीही तशाच साध्या. "वरच्या मजल्यावरच्या मुलीने औषधं दाराशी ठेवली, बेल वाजवून पळाली." "नेट दिवसभर टिकलं." "बाबांनी माझे केस कापले. एका बाजूने बरे आहेत." सप्टेंबरमध्ये सासऱ्यांना झालं आणि मागोमाग आम्हा तिघांना. त्या पंधरवड्यात सासरे नुसते ऑक्सिजनचे आकडे लिहायचे. "९३." "९४." "९३." "९६, पालथं झोपून." माझीही एक ओळ आहे, "इस्त्रीखाली शर्टाला भोक पडलं, घरात एकालाही वास आला नाही. हसून हसून खोकला."

वाचता वाचता मला चक्क त्या वर्षाची आठवण यायला लागली. आणि तिथेच अडलं.

नोव्हेंबरमध्ये नणंदेचे यजमान गेले. त्याच आजाराने, ४६ व्या वर्षी. ती दुसऱ्या शहरात, आम्हाला जाता आलं नाही, जे पाहिलं ते मोबाईलवर. ते गेले त्या दिवसापासून डायरीची १९ पानं कोरी आहेत. विसाव्या दिवशी धाकट्याच्या अक्षरात एकच ओळ आहे, "आत्या आज फोनवर बोलली."

पुढच्या महिन्यात ती आमच्याकडे राहायला येतेय. मला डायरी तिला दाखवावीशी वाटते. नवरा म्हणतो लपवून ठेव, तिला वाटेल तिच्यावर आभाळ कोसळलं त्या वर्षी आपण मजेत होतो. खरं सांगायचं तर काही दिवस होतोही. काय करू?

साशंक:

कृतज्ञतेच्या वह्यांचं हल्ली पीक आलंय, म्हणून आधी थोडं गार पाणी. ज्याचा सगळे दाखला देतात तो अभ्यास रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांचा, २००३ चा. त्यात एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते. पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. ठीक आहे. पण ती कॉलेजातली मुलं होती. त्यांच्या पुढच्या एका प्रयोगात मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजाराचे रुग्णही होते, तरी ते स्वतःचीच वही लिहीत होते. नवरा गेलेल्या बाईसमोर दुसऱ्याची वही ठेवली तर काय होतं, हे तिथे कोणी तपासलेलं नाही.

तुमच्या सासूबाईंनी 'काही नाही' लिहायची मुभा ठेवली, ती मला या सगळ्यापेक्षा शहाणपणाची वाटली.

माझं मत असं की निवडक पानांच्या झेरॉक्स काढा आणि तेवढ्याच द्या. शर्टाचं भोक वगैरे नको.

टंगळमंगळ:

आमच्याकडे कोणी काही लिहिलं नाही, वर्षभर फक्त भांडलो. सल्ला द्यायला मी नालायक आहे, पण "एका बाजूने बरे आहेत" वाचून ऑफिसात हसलो.

रात्रपाळी:

मी तेव्हा कोविड वॉर्डात नर्स होते. साशंकनी गार पाणी ओतलंय, मी त्यात बर्फ टाकते. लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वॉर्डात ऐकू येत नव्हत्या, तिथे मशीनचा आवाज असायचा. पीपीईच्या पाठीवर मार्करने नाव लिहायचो, कारण डोळ्यांपलीकडे काही दिसायचं नाही. एक आजोबा रोज विचारायचे, "कालचीच ना तू?" मी हो म्हणायचे. कालची नसले तरी.

सासऱ्यांच्या आकड्यांपाशी मी थांबले. बोटाला लावायचं ते यंत्र ज्या तत्त्वावर चालतं, ते शोधणारे जपानी अभियंते ताकुओ आओयागी १८ एप्रिल २०२० ला वारले. ऐन त्या दिवसांत, जेव्हा आम्ही बेड कोणाला द्यायचा ते त्यांच्या यंत्राकडे बघून ठरवत होतो. मला हे खूप नंतर कळलं. एकेका रात्रीत किती बोटांना ते लावलं असेल, पण हे कोणी तरी डोकं लावून केलंय असं एकदाही मनात आलं नाही.

त्यामुळे 'त्या वर्षाबद्दल कृतज्ञ' ही भाषा मला कळतच नाही. वर्षाचे कसले आभार मानायचे? ते वाईटच होतं. आभार माणसांचे. बेल वाजवून पळालेल्या त्या मुलीला नंतर कधी सांगितलंत का?

निळी शाई:

माझे मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, तेव्हा मी तुमच्या नणंदेच्या बाजूने बोलते.

तुमच्या हसण्याचा तिला राग येईल ही भीती सोडा. आला तरी संध्याकाळपर्यंत जाईल. ज्याचा राग अजून जात नाही ते सांगते. मी खोलीत आले की माझ्या माहेरचे विषय बदलतात. 'त्या वर्षी' एवढं कोणाच्या तोंडून निघालं की सगळे माझ्याकडे बघतात आणि मग कोणी तरी हवामानावर बोलतं. चार वर्षं मी हवामान ऐकतेय.

साशंक, राग मानू नका, पण छाटलेल्या झेरॉक्स हे त्या हवामानासारखंच आहे. कोरी १९ पानं झेरॉक्समध्ये कशी येणार? मला कोणी अशी पानं दाखवली असती तर! मला वाटत होतं तेव्हा माझं एकटीचंच घड्याळ थांबलं होतं.

आणि उंबरठा, दाखवायच्या आधी एक काम करा. डायरीत ते कुठे आहेत का, शोधा. मला गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या जुन्या फोनमध्ये ह्यांचा नऊ सेकंदांचा आवाज सापडला. "अहो, गेट उघडा, हात भरलेत माझे." एवढंच आहे. रोज ऐकते.

उंबरठा:

रात्रपाळी, नाही सांगितलं. ती मुलगी तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेली. काल नंबर शोधून फोन केला. तिला आठवतच नव्हतं. म्हणाली, "काकू, तेव्हा बारा घरांची औषधं आणायचे मी, तुमचं कुठलं?"

निळी शाई, तुमचं वाचून रात्री पान पान पाहिलं. अकरा ठिकाणी आहेत ते. धाकट्याला त्यांनीच फोनवरून बुद्धिबळ शिकवलं. दोघांकडे एकेक पट, चाली तोंडी. "आतोबांनी आज घोडा फुकट दिला." "आतोबांशी बरोबरी." आणि ऑक्टोबरमध्ये अर्धं पान भरून, "आतोबा हरले!!!"

पण एक पान असं आहे की त्याने माझी झोप उडाली. त्यांना ऍडमिट केलं तो दिवस. आईंना आम्ही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आईंची ओळ आहे, "गुलाबाला कळी." खाली माझं "काही नाही", त्याखाली नवऱ्याचं "काही नाही". हे पान तिने पाहायचं?

निळी शाई:

हो.

उंबरठा:

ती येऊन गेली, म्हणून धागा वर काढतेय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डायरी तिच्यासमोर ठेवली आणि मी उगाच कपडे घड्या करत बसले. सुरुवातीला ती भराभर उलटत होती. सासऱ्यांच्या आकड्यांना हसली. आतोबा आले तिथे बोट ठेवून वाचायला लागली, लहान मुलं वाचतात तसं.

मग ते पान आलं. बराच वेळ बघत राहिली. आई समोरच होत्या. त्यांना विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"त्याच रात्री. हिचा चेहरा बघून. लिहून झालं होतं तोवर."

"मग खोडलं का नाहीस?"

आई म्हणाल्या, "कळी होतीच ना."

मला वाटलं आता काही खरं नाही. नणंद उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत येऊन तिथूनच पुढे वाचायला लागली. कोरी पानं तिने एकेक करून उलटली. एकदम उलटली नाहीत.

रात्री धाकट्याला विचारलं, "तो घोडा खरंच फुकट दिला होता का त्यांनी?" धाकटा आता माझ्याहून उंच आहे. म्हणाला, "हो आत्या. आता कळतं. मुद्दाम दिला होता. पण शेवटचा डाव मी खरा जिंकलो होतो." ती म्हणाली, "माहितीये. दोन दिवस धुमसत होते."

डायरी ती घेऊन गेली. परत कधी देणार म्हणून नवरा मला विचारतोय. मी म्हटलं, तुझी बहीण आहे, तूच विचार.