डेस्कटॉप काढून फक्त ग्राफीनओएसचा पिक्सेल: मॉनिटरवर चित्र येत नाही

कोरीपाटी: डेस्कटॉप पीसी काढून फोनच मॉनिटरला जोडून वापरायचा विचार आहे. पिक्सेल ७ वर ग्राफीनओएस (अँड्रॉइडवर आधारित, सुरक्षिततेवर भर देणारी प्रणाली) आहे. यूएसबी-सी हबवर कीबोर्ड-माउस व्यवस्थित, पण एचडीएमआय कोरं. हब बदलू का?

तारजोड: हब बिचारा निर्दोष आहे. पिक्सेल ७ च्या पोर्टमधून डिस्प्लेपोर्ट सिग्नल (म्हणजे मॉनिटरसाठीचं चित्र) बाहेर पडतच नाही. पिक्सेल ८ किंवा पुढचा हवा. हबला पॉवर डिलिव्हरीचं इनपुट (चार्जर जोडायची जागा) आहे का बघून घ्या, नाहीतर मॉनिटर चालू असताना बॅटरी भराभर उतरते. वापरलेला फोन घेताना ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, उघडू देणारं सेटिंग) चालू होतंय का, हे दुकानातच तपासा. ते करडं राहिलं तर ग्राफीनओएस चढणार नाही. चढवून झालं की बूटलोडर पुन्हा लॉक करायचा. अनलॉक करताना आणि लॉक करताना, दोन्ही वेळा डेटा पुसला जातो.

कुलूपकिल्ली: आणि हब जोडायचा तो फोन अनलॉक करूनच. लॉक असताना नवी यूएसबी जोडणी मुळातच बंद असते, फक्त चार्जिंग होतं. सेटिंग बदलता येतं, पण बदलू नका.

हिशेबनीस: जीएसटी किंवा एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलसाठी डीएससी टोकन (डिजिटल सहीची यूएसबी किल्ली) वापरता का? मग जुना पीसी विकू नका. त्या सहीसाठी लागणारं एमसाइनर सॉफ्टवेअर अँड्रॉइडवर चालत नाही.

कोरीपाटी: टोकन आहे. म्हणजे पीसी राहतोय.