आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पन्नाशीची टूर, एवढा खर्च करून जावं का?

बेसूर_बंड्या: मंडळी, आयर्न मेडनच्या रन फॉर युवर लाइव्ह्ज टूरला कोणी गेलंय का? जर्मनीत मावसबहीण आहे त्यामुळे राहायचा प्रश्न नाही, पण त्यांचा जुना ड्रमर निको मॅकब्रेनच नाहीये ड्रमवर तर मजा येईल का हो?

डबलबेस: निकोला २०२३ मध्ये स्ट्रोक आला, तरी गडी परत स्टेजवर आला आणि डिसेंबर २०२४ ला साओ पावलोत शेवटचा शो वाजवून मग टूरिंग सोडलं, आता अजून काय करायचं त्याने? त्याच्या जागी आलेला सायमन डॉसन काही कुठून पकडून आणलेला नाही, मेडनचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसच्याच ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमधला आहे. जा बिनधास्त.

काकू_मेटलवाल्या: मे २०२५ ला बुडापेस्टपासून सुरू झालेली ही टूर, आणि गाणी फक्त १९८० ते ९२ च्या पहिल्या नऊ अल्बममधलीच घेतलीयेत, म्हणजे ब्रेव्ह न्यू वर्ल्ड वगैरे नंतरचं काही ऐकायची आशा असेल तर विसरा. मला तर हेच हवं होतं. स्टेजमागचे कापडी पडदे जाऊन मोठी स्क्रीन आलीय, ते तेवढं पटलं नाही.

बेसूर_बंड्या: काकू, मोबाईलवर शूटिंग चालतं का?

काकू_मेटलवाल्या: बंदी नाही, पण फोन खिशात ठेवा अशी बँडनेच विनंती केलीय. ऐका की जरा!

बीकेसी२००८: १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत त्यांच्या तेव्हाच्या वर्ल्ड टूरचा पहिलाच शो होता, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं विमान चालवायचा त्या टूरला. आता इकडे कधी येतील कोण जाणे. तिकीट काढ रे.