दुसरा राऊटर लावलात? मग त्याला राऊटर राहू देऊ नका

जिन्याखालचा
वायफाय वरच्या मजल्यावर पोचत नाही म्हणून लोक दुसरा राऊटर आणतात आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. माझं मत: एका घरात फोन-लॅपटॉपला नेटवर्कमधले पत्ते (आयपी) वाटणारा एकच असावा. दुसऱ्याचा नुसता ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय पसरवणारा डबा.

ताजं प्रकरण मामांच्या सांगलीतल्या दुमजली घराचं. खाली फायबर कंपनीचा डबा (तोही राऊटरच), वर जुना राऊटर, केबल वरच्याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायचं पोर्ट) आणि डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, दोन्हीकडे चालू. फोन सकाळी चालतो, दुपारी 'कनेक्टेड, इंटरनेट नाही'. फोन नेटवर्कमध्ये आला की पत्ता मागतो आणि बहुधा जो आधी ओ देईल त्याचाच घेतो. वरच्याने ओ दिली की तो गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जायचं दार, म्हणून स्वतःलाच पुढे करतो. त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे इंटरनेट आत येतं त्या पोर्टात, तर काहीच नाही! शिवाय दोघांचाही पत्ता 192.168.1.1, म्हणजे टक्कर. तक्रार केली की माणूस येतो, दोन्ही रीस्टार्ट करतो, जातो.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. केबल काढून ठेवा. वरच्या राऊटरला लॅपटॉप जोडून त्याचा पत्ता 192.168.1.2 करा (खालचा डबा वाटतो त्या पत्त्यांत हा नको), डीएचसीपी बंद करा, मग केबल पुन्हा लॅन पोर्टात. वॅन पोर्ट रिकामं.

केबलवाला_बंडू
एवढं कशाला? केबल वॅन पोर्टात घाला, विषय संपला. दुहेरी नॅट (घरातले अनेक पत्ते एका पत्त्यामागे लपवणं, तेही दोनदा) झालं तर झालं. व्हिडिओ, बँक, ऑफिसची मीटिंग, सगळ्याची सुरुवात घरातून होते, त्यामुळे बिनबोभाट चालतं. तसंही फायबरच्या डब्यात वॅनचा पत्ता बघा. 100.64 ते 100.127 मधला असेल तर कंपनीने आधीच तुम्हाला सीजीनॅटमागे, म्हणजे तिच्या स्वतःच्या नॅटमागे, बसवलंय. दोन नॅट आहेतच, तिसऱ्याने काय बिघडतं?

जिन्याखालचा
बंडू, दोन्हीकडे 192.168.1.1 असेल तर वॅनमध्ये घालूनही चालणार नाही. काही राऊटर आपणहून पत्ता बदलतात, जुने बदलत नाहीत. बदलला असं धरू. तरी खालच्या फोनला वरचा टीव्ही कास्टिंगसाठी दिसत नाही आणि वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, कारण 'कोण आहे रे इथे' ही हाक राऊटर ओलांडत नाही. मामा मला फोन करतात ते प्रिंटरसाठीच, नॅटसाठी नाही.

वाडा_चिरेबंदी
इथे मी बंडूच्या बाजूने. आमच्याकडे वर भाडेकरू आहेत. त्यांना आमचा टीव्ही आणि कॅमेरे दिसूच नयेत. म्हणून मुद्दाम वेगळा राऊटर, वेगळं नेटवर्क. ॲक्सेस पॉइंट केला तर सगळे एकाच अंगणात.

पॅकेट_मोजणारा
ताई, तुमचा हेतू बरोबर, मांडणी उलटी. आतल्या राऊटरमागच्या माणसाला बाहेरचं नेटवर्क दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. भाडेकरू आत आणि तुम्ही बाहेर असाल, तर त्यांनी तुमच्या डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पत्ता टाकला की लॉगिनचं पान उघडेल. पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर पुढचं सांगायला नको. दुसऱ्या राऊटरमागे तुम्ही जा, नाहीतर खालच्या डब्यात गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय) असेल तर भाडेकरूंना ते द्या.

वाडा_चिरेबंदी
हे कोणीच सांगितलं नव्हतं. पण डब्याचा ॲडमिन पासवर्ड आम्हाला देतच नाहीत. गेस्ट कुठून सुरू करू?

केबलवाला_बंडू
बघा! वेगळं ठेवायचं तर दुसरा राऊटर राऊटरच हवा. मीही तेच म्हणतोय.

जिन्याखालचा
भाडेकरू असतील तर मान्य. एकाच कुटुंबासाठी नाही.

आयटी_पण_घरचा
केबलच कशाला, रिपीटर लावा. भिंती फोडायला नकोत.

पॅकेट_मोजणारा
एकच रेडिओ असलेला रिपीटर तेच पॅकेट ऐकतो आणि पुन्हा बोलतो, वेग साधारण अर्धा होतो. दगडी भिंतीमागे तर त्याला मुळातच धड ऐकू येत नाही. केबल टाकाच. आणि क्रिंप करणाऱ्याकडून (केबलला टोक बसवणारा) आठही तारा जोडून घ्या. चारच जोडल्या तर 100 एमबीपीएसच्या वर जात नाही आणि लोक राऊटरला शिव्या घालतात.

जिन्याखालचा
+1. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, 2.4 गिगाहर्ट्झचे चॅनल मात्र वेगळे: खाली 1, वर 6 किंवा 11. तरीही जिना चढल्यावर फोन खालच्यालाच चिकटून राहिला तर राऊटर बदलत बसू नका. कधी सोडायचं ते फोन ठरवतो. खालच्याची ट्रान्समिट पॉवर थोडी कमी करून बघा.

केबलवाला_बंडू
पॉवर कमी केली तर मामांना अंगणात वायफाय मिळणार का? मग तिसरा राऊटर!