मदत हवी आहे: आरएक्स १०० चं मेन बेअरिंग इंजिन केसमध्ये सैल बसतंय

बाबांची ९४ ची यामाहा आरएक्स १००. लालबागला चाळीखाली सहा पावसाळे ताडपत्रीत उभी होती. सुरू केली तर खालून खरखर. इंजिन उघडलं तर दोन्ही मेन बेअरिंगना (इंजिनचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक ज्यांवर फिरते ती) गंज, बोटाने फिरवलं की वाळू अडकल्यासारखं. टू स्ट्रोकमध्ये तिथे पेट्रोलमधल्या ऑइलचाच काय तो ओलावा, गाडी उभी राहिली की तोही गेला.

नवीन बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवरून आणली, सी३ मार्किंगची (आत थोडी जास्त ढिलाई असलेली). साधी घेऊ नका एवढं माहीत होतं, गरम झाल्यावर आवळतात. ऑइल सीलही नवीन घेतली.

खरी अडचण पुढे. घरच्या ओव्हनमध्ये (बायकोची माफी मागून) इंजिन केस (बाहेरचं कवच) तापवून डावं बेअरिंग टाकलं, अलगद बसलं. उजवं मात्र गार केसमध्येच अंगठ्याने आत जातंय! बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) आरशासारखा चकचकीत, म्हणजे जुनं बेअरिंग बाहेरच्या रिंगसकट फिरत होतं. आधी एका मेकॅनिकने ते छिन्नी-हातोड्याने ठोकलं असावं, कडेला खुणा आहेत.

प्रश्न असा: बेअरिंग रिटेनर (बेअरिंग घट्ट धरणारं चिकट लिक्विड) लावून भागेल, की बोअर मोठा करून स्लीव्हच (धातूची रिंग) टाकायची? लोक पंच मारून बोअर आवळतात, ते मला पटत नाही. क्रँक आउट झाली (सेंटरवरून सरकली) तर सील परत गळणार.

परळ-कुर्ला पट्ट्यात केसच्या दोन्ही बाजू एकत्र बांधून, सेंटर धरून बोअरिंग करणारा लेथवाला कुणी वापरलाय का? खर्च साधारण किती आला?