मॉरिशसमधील आमच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपुस्तिका: काय ठेवावे, काय वगळावे?

सुरूची_सावली (प्रश्न)

नमस्कार. लग्नानंतर मी मॉरिशसला आले आणि गेली चार वर्षे आम्ही फ्लिक-आं-फ्लाक येथील घराचा वरचा मजला सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देत आहोत. निम्मे पाहुणे शेजारच्या रियुनियन बेटावरून येतात, उरलेले बहुतेक पुण्या-मुंबईचे असतात. सुरुवातीला मी मोठ्या हौसेने अठ्ठावीस पानांची पुस्तिका तयार केली. शामारेलची सप्तरंगी माती, गंगा तलाव, आप्रवासी घाट असे सगळे तिच्यात छायाचित्रांसह आहे. तरीही रात्री साडेदहाला ‘गरम पाणी कुठून सुरू करायचे’, ‘आता टॅक्सी मिळेल का’ असे फोन येतातच. मागच्या महिन्यात तर एक कुटुंब समुद्राखालचा धबधबा पाहण्यासाठी ल मॉर्नच्या किनाऱ्यावर दोन तास उभे राहून परत आले. वाळू आणि गाळ वाहून जाताना निर्माण होणारा तो दृष्टिभ्रम आहे आणि हेलिकॉप्टरसारख्या उंचीवरूनच दिसतो, हे मी लिहिले होते. पण बाविसाव्या पानावर. आता पुस्तिका नव्याने लिहायची आहे. ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तामारँचा_शेजारी

पाहुणा पुस्तिका उघडतो तेव्हा त्याचे काहीतरी अडलेले असते. बेटाची ओळख त्याने विमानात बसण्यापूर्वीच करून घेतलेली असते. त्यामुळे पाने कमी करण्याआधी त्यांचा क्रम बदलावा, असे मी सुचवीन.

आमच्याकडे पहिले पान समुद्राचे आहे. प्रवाळाच्या कड्याआतले पाणी उथळ आणि शांत दिसते, म्हणून लोक निर्धास्त होतात. परंतु कड्यात जिथे खिंड असते तिथून पाणी बाहेर ओढले जाते, ओहोटीला ही ओढ वाढते आणि चांगले पोहणारेही तिथे दमतात. ‘प्रवाहापासून सावध राहा’ एवढेच लिहिल्याने काही साधत नाही. गच्चीवरून किनाऱ्याचे छायाचित्र काढून त्यावर पोहण्याची जागा आणि टाळायची जागा खुणांनी दाखवा. ज्या कोळ्यांच्या होड्या रोज तिथून जातात, त्यांच्याकडून या खुणा आधी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्यात उतरताना घालायच्या रबरी बुटांची. इथे ज्याला ‘लाफ’ म्हणतात तो दगडमासा वाळूत आणि खडकांत अजिबात ओळखू येत नाही. त्याचा काटा घुसला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेचा ११४ आणि पोलिसांचा ९९९ हे दोन क्रमांक याच पानावर असावेत. त्यांच्याशेजारी आपल्या घराचा पत्ता अशा शब्दांत लिहावा की पाहुणा तो फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवू शकेल. घाबरलेल्या माणसाला रस्त्याचे फ्रेंच नाव उच्चारता येत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल या काळातील पाहुण्यांसाठी वादळाचे एक सुटे पान ठेवावे. चक्रीवादळाचे इशारे इथे वर्गवारीने दिले जातात, आणि पहिला वर्ग सर्वांत सौम्य की सर्वांत भीषण हेच बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. आकडा वाढेल तसा धोका जवळ येतो. तिसरा वर्ग लागू झाल्यावर घराबाहेर पडायचे नाही, हे ठळक लिहा. खिडक्यांची झडपे कशी लावायची आणि पिण्याचे पाणी कशात भरून ठेवायचे, तेही लिहा. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या पावसाच्या पाण्यात वाहून गेल्या, म्हणून ‘वारा तर फारसा नाही’ असे म्हणून गाडी काढणाऱ्यांसाठीही एक ओळ हवी.

नाशिकची_प्रवासिनी

मी पाहुण्याच्या बाजूने लिहिते. आम्ही जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, आलो होतो. पूर्वेकडचा बेल मारचा किनारा सुंदर आहे असे आमच्या यजमानांच्या पुस्तिकेत होते आणि ते खरेही आहे. परंतु त्या दिवसांत आग्नेयेकडून येणारा वारा पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतो आणि पश्चिमेला मात्र पाणी निवांत असते, हे कोणी सांगितले नव्हते. डबे उघडले आणि पोळीभाजीत वाळू गेली. शिवाय तेव्हा पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. गंगा तलाव पठारावर आहे आणि तिथे स्वेटर लागतो, हेही लिहावे. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट म्हणजे आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही. एक अ‍ॅडॅप्टर घरात ठेवला असता तर आमचा पहिला फोन आपोआपच वाचला असता.

कास्कावेलकर

माझे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आले; माझा जन्म इथलाच. तामारँच्या शेजाऱ्यांचे म्हणणे मान्य आहे, तरी दार उघडताच लाफ, वादळ आणि रुग्णवाहिका वाचायला मिळाली तर पाहुणा घाबरेल. ते पान स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावावे, आणि पुस्तिका जेवणापासून सुरू करावी. भुकेला माणूस सर्वांत आधी तेच शोधतो.

महाराष्ट्रातील पाहुण्यांना सांगा की इथली ढोल पुरी म्हणजे पुरणपोळीची तिखटमिठाची चुलत बहीण आहे, ती जोडीने मिळते आणि आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी व चटणी असते. शाकाहारी पाहुण्यांनी मात्र गाडीवर आधी विचारून घ्यावे. बाजारांचे वार लिहा: कात्र बोर्नला भाजीपाला बुधवारी आणि शनिवारी, माहेबूरचा बाजार सोमवारी. किमती लिहू नका; त्या शिळ्या होतात आणि पाहुणा फेरीवाल्याशी भांडतो. महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस स्वतंत्र नोंदवा, कारण गंगा तलावाकडे चालत जाणाऱ्या यात्रेकरूंनी रस्ते भरलेले असतात. गणेश चतुर्थीची इथे सार्वजनिक सुट्टी असते, हे वाचून तर मराठी पाहुणे हमखास चकित होतात.

ल मॉर्नविषयी दोन ओळी अधिक खर्च कराव्यात. गुलामगिरीतून पळालेल्यांनी त्या डोंगराचा आसरा घेतला होता आणि २००८ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. ते कळले की चढून जाणारा निदान वर मोठ्याने गाणी तरी लावत नाही.

सुरूची_सावली

सर्वांचे आभार. समुद्राचे पान दाराला लावले आहे. इथल्या दमट हवेत कागद टिकत नाही म्हणून त्याला प्लास्टिकचे आवरण केले. ऋतूंची दोन सुटी पाने केली, एक उन्हाळ्याचे आणि एक हिवाळ्याचे. पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी त्यांतले योग्य ते समोर ठेवीन. दृष्टिभ्रमाचा धबधबा आता तिसऱ्या ओळीत आहे. काल मसुदा सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे सगळे ऐकले आणि विचारले, ‘कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते ते कुठे लिहिले आहेस?’