वेळ कोणी लिहून ठेवली होती का?

माणूस वारला त्याच वेळी तो दूर कोणाला तरी दिसला, अशा गोष्टींवर ‘जुळलं तेवढंच लक्षात राहतं, न जुळलेलं कोण मोजतं?’ असं म्हणतात. हा मुद्दा मान्य. पण मोजून झालंय. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या गूढ अनुभव तपासणाऱ्या संस्थेने १८९४ साली १७,००० जणांच्या उत्तरांवरून अहवाल काढला. माणूस त्याच्या मृत्यूच्या आधी-नंतर १२ तासांत दिसला तरच जुळलं असं धरायचं. त्यांच्या हिशेबाने ओळखीच्या माणसाच्या ४३ आभासांत एक जुळला. योगायोगाने १९,००० त एक जुळायला हवा. गोम अशी की बातमी कळण्याआधी लिहून ठेवलेलं फारसं नव्हतंच.

आमचे मोठेबाबा यवतमाळला दवाखान्यात वारले, त्या दिवशी मोठ्या आईला ते शेताच्या धुऱ्यावर दिसले, खांद्यावर दुपट्टा टाकलेले. आधी ती ‘उन्हं कलल्यावर’ म्हणायची. तेरवीपर्यंत त्याचे सव्वाचार झाले, म्हणजे दवाखान्याच्या कागदावरची वेळ. खोटं बोलत नव्हती बिचारी; भेटायला येणारा प्रत्येक जण ‘किती वाजता?’ हेच विचारायचा.